कोर्टाने मनाई केलेला माणूस आणि सोसायटीचं गेट

कोर्टाने ज्याला बायकोच्या घरी यायला मनाई केली आहे, त्याला वॉचमनने गेटमधून आत सोडावं का? आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या कमिटीत यावर बराच वेळ वाद झाला. कोणाच्या घरचं प्रकरण ते सांगणार नाही. पण वादात जे बोललं गेलं ते ठाण्या-नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत ऐकू येईल, म्हणून लिहितेय.

मुद्दा एक : फ्लॅट त्याच्या नावावर, शेअर सर्टिफिकेट त्याचं, मेंटेनन्स तो भरतो, मग अडवणारे आपण कोण? मुद्दा दोन : नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडायचं?

पहिल्याचं उत्तर कायद्यातच आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे घरात बाईचं नाव नसलं तरी तिचा तिथे राहायचा हक्क आहे. २०२० मध्ये सतीशचंद्र अहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की घर सासऱ्याच्या मालकीचं आहे एवढ्यावरून तिला हा हक्क नाकारता येत नाही. आणि कलम १९ खाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतो, मग घर त्याच्या मालकीचं का असेना. कोर्टाने ठरवलेली गोष्ट शेअर सर्टिफिकेट काढून परत तपासायचा अधिकार कमिटीला कोणी दिला?

दुसरा मुद्दा मला जास्त लागला. संरक्षण आदेश, म्हणजे नवऱ्याला तिला त्रास द्यायला मनाई करणारा कोर्टाचा आदेश, हातात पडेपर्यंत त्या बाईने काय काय सोसलेलं असतं! अर्जावर पहिली सुनावणी शक्यतो ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. एवढं करून आदेश आला, आणि तो मोडून माणूस दारात उभा राहिला, तर त्याला भांडण म्हणायचं? आदेश मोडणं हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश मोडला तरी तेच. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, त्यामुळे पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र म्हणून नोंद) लिहून तिला परत पाठवायचं काहीच कारण नाही.

इथे बायकांना एक सांगते. शिक्षेचं कलम ३१ 'संरक्षण आदेशा'बद्दल बोलतं, म्हणजे कलम १८ चा आदेश. फक्त कलम १९ चा, राहण्याचा आदेश असेल तर वकील त्यावरून फाटे फोडतात. म्हणून अर्जात दोन्ही मागा. आदेशाची प्रत कोर्टाकडून मोफत मिळते. कोर्टाने ती पोलीस स्टेशनलाही पाठवायची असते, तरी स्वतः एक नेऊन द्या आणि पोच घ्या. वकिलाचे पैसे नसतील तर मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही.

'खोट्या केसेस पण असतात' हेही कमिटीत कोणीतरी म्हणालंच. असतील. त्यासाठी नवऱ्याला ३० दिवसांत सेशन्स कोर्टात अपील करता येतं, परिस्थिती बदलली तर आदेश बदलून मागता येतो. गेटवर येऊन वॉचमनवर ओरडणं हा त्यातला मार्ग नाही.

वॉचमनने त्याच्याशी झटापट करावी असं मी म्हणत नाही. बिचारा बारा तास उभा असतो. माझं मागणं साधं आहे. आदेशाची प्रत ऑफिसात बंद पाकिटात राहील, व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाणार नाही. (एका सदस्यांना ती ग्रुपवर टाकायची होती, 'सगळ्यांना कळावं' म्हणून. हे सुनावणी बंद दाराआड घेता येते अशा प्रकरणाचे कागद आहेत!) तो माणूस आला तर आत सोडायचं नाही, तिला इंटरकॉम करायचा, ११२ ला फोन लावायचा, रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. आणि सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी वेगळं काढून ठेवायचं, कारण काही दिवसांनी त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं आणि आदेश मोडल्याचा तिचा पुरावाच जातो.

एवढाच ठराव मी पुढच्या मीटिंगला मांडणार आहे. घणसोली, कोपरखैरणे, कळवा, कुठेही तुमच्या सोसायटीने असं काही लिखित केलं असेल तर मसुदा मला पाठवा.