मीही पेढा घेतला होता

शत्रूच्या मरणावर पेढे वाटणं म्हणजे विकृती, असं वरच्या लेखात लेखकाने एका वाक्यात निकालात काढलंय. इतकं सोपं नाही हो ते.

२१ नोव्हेंबर २०१२, बुधवार. सकाळी येरवड्यात कसाबला फाशी झाल्याची बातमी आली तेव्हा मी ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत होतो. चारच दिवसांपूर्वी बाळासाहेब गेले म्हणून अख्खं ठाणे चिडीचूप होतं आणि आता तिथेच फटाके! एका रिक्षावाल्याने रांगेतल्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. मीही घेतला, खाल्लासुद्धा. २००८ साली सीएसटीहून लोकल पकडणारा माणूस मी, मला त्यात वावगं वाटलं नाही. आजही त्या रिक्षावाल्याला विकृत म्हणायला जीभ रेटत नाही.

पण आमच्या नौपाड्यातल्या शेजारच्या काकू, ज्यांचा भाचा २६/११ च्या रात्री सीएसटी स्टेशनातल्या हल्ल्यात गेला, त्यांनी फटाके सुरू होताच खिडक्या लावून घेतल्या. आई पेढे घेऊन गेली तर म्हणाल्या, "वहिनी, सुटल्यासारखं वाटतंय. पण गोड नको." सुटका आणि आनंद यातला हा फरक लेखात कुठेच नाही.

आणि लेखाखालच्या प्रतिक्रियांत 'शत्रूला कसली दया' म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. महाराजांनी अफझलखानाचा कोथळा काढला हे आपण छाती फुगवून सांगतो, मग मेल्यावर त्याला रीतसर मूठमाती दिली हेही तितक्याच अभिमानाने सांगतो ना? प्रतापगडाला त्याची कबर आहेच.

काकूंसाठी नेलेला पेढ्यांचा तो डबा आईने तसाच परत आणला. दोन दिवस ओट्यावर पडून होता.