थर्टी फर्स्टच्या आत टांगा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणलात, छान केलंत. व्यापाऱ्याने चार वर्षांचा सांगितला आणि तुम्ही मान डोलावलीत. दात बघायला त्याच्या तोंडात हात कोण घालणार? आता थर्टी फर्स्टला नागावच्या होमस्टेसमोर टांगा उभा राहिला पाहिजे. हातात दोन-तीन आठवडे आहेत, म्हणजे भरपूर वेळ आहे. फक्त घोड्याला गाडी शिकवणारा मास्तर तेवढा शोधायचा. आपल्याकडे अशा माणसाला पूर्वीपासून चाबुकस्वार म्हणतात, त्यामुळे अभ्यासक्रम काय हे वेगळं विचारायला नको.

पहिला प्रश्न एकच: "किती दिवसांत?" जो "आठ" म्हणेल तो आपला. "आधी घोडा बघतो" म्हणणाऱ्याला चहासुद्धा विचारू नका.

असा एक म्हातारा तुम्हाला अलिबागला भेटेलच. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत टांगा नेणाऱ्यांपैकी. तो येऊन आधी दात बघेल, मग खूर उचलून बघेल, मग चंदी काय घालता ते विचारेल. पैशांचं नाव नाही. आणि शिकवायला लागला की तुमचा जीव जाईल. लांब दोऱ्यांचा लगाम हातात धरून नुसता घोड्याच्या मागून चालत राहील. गाडी नाही, काही नाही, माणूस आणि घोडा फिरायला निघालेत! मग एक दिवस कुठूनतरी जुना टायर आणेल. तोही घोड्याला बांधणार नाही; दुसरा माणूस तो वाळूतून बाजूने खरडत नेणार, मग मागून, का तर म्हणे आवाजाची सवय. पुढे दोन बांबू कुशीला लावून वळायला शिकवेल, कारण वळताना टांग्याचे दांडे अंगाला लागतात आणि घोडा बिचकतो. महिना उलटला तरी टांगा अजून पडवीतच. शिवाय येण्याची वेळही धड नाही. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो आणि ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर शिकवतो. म्हणजे रोज पाऊण तास पुढे!

आपला आठ दिवसांचा मास्तर मात्र दहा म्हणजे दहाला हजर. तेव्हा भरती असेल तर वरची भुसभुशीत वाळू आहेच. चाक रुतलं की घोड्याची ताकद वाढते, असं तोच सांगेल. मुंबईत व्हिक्टोरिया हाकत होतो, हेही सांगेल. हौसेच्या त्या गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या. त्यानंतर काय हाकलंत, असं विचारू नका. वाईट दिसतं.

साजाचं सामान घेताना तुरा, घुंगरू आणि लायटिंग यांत कसर नको. घोड्याच्या पुठ्ठ्यामागून जाणारा एक रुंद पट्टा असतो, तो खुशाल वगळा. उतारावर गाडी घोड्याच्या पायांवर येऊ नये म्हणून तो असतो, पण फोटोत दिसत नाही. आणि कोकणात उतार असतात कुठे?

झापडं मात्र हवीतच, रुबाबदार दिसतात. डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे घोड्याला थेट पाठीमागचं थोडं सोडून जवळजवळ सगळं दिसतं. झापडांमुळे फक्त पुढचं दिसतं. म्हणून जुने लोक गाडी सोडल्याशिवाय झापडं काढत नाहीत. आपला मास्तर एवढा निर्दय नाही. पाहुणे उतरले की जुंपलेल्या घोड्याचीच झापडं काढून तो प्रेमाने चंदीची पिशवी पुढे करतो. आठ दिवस आपल्यामागे लागलेलं भूत घोड्याला तेव्हा पहिल्यांदा दिसतं. पुढचं सगळं पाहुणे मोबाइलवर घेतातच. टांग्याचं एक चाक आमच्या ओळखीच्या एकाने बागेत शोभेला लावलंय, बरं दिसतं.

तरी त्या म्हाताऱ्याबद्दल मनात चुटपुट राहिली असेल, तर रविवारी संध्याकाळी अलिबागच्या पुळणीवर जाऊन त्याचा स्वतःचा घोडा बघा. टांग्याला जुंपलेला, लगाम सैल, एक मागचा पाय ढिला सोडून पेंगत असेल. शेजारून चारचाकी बाइक धडधडत जाईल, गाडीत सहा जणांचं कुटुंब भांडत चढेल. घोड्याचा एक कान फिरेल, बस. इतकं मठ्ठ जनावर ज्याने तयार केलं, त्याच्या हाती आपला घोडा द्यायचा? भेळ खा आणि घरी या.