नाकाड्या नळ

आमच्या मामे-मावस भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एकच वाद पेटतो. कोणीतरी रोमचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, ‘बघा, दोन हजार वर्षं जपलंय. नाहीतर आपण!’ मग गिरगावातून मामाचा व्हॉइस मेसेज येतो, ‘अरे, मुंबईत जपायचंय काय? सगळं इंग्रजांनीच तर बांधलंय.’ मी नऊ वर्षं रोममध्ये राहते, त्यामुळे निकाल मी द्यायचा असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय.

आधी फोटोवाल्यांचं बघू. कोलोसिअम इसवी सन ८० मध्ये खुलं झालं. पुढे कित्येक शतकं खुद्द रोमकरांनीच त्याचे दगड काढून नेले आणि चर्चं, वाडे उभे केले. आज लोक ज्या रुंद रस्त्यावर उभे राहून त्याच्यासोबत सेल्फी काढतात, तो मुसोलिनीने नांदती वस्ती पाडून काढला, १९३२ साली. तेव्हा जपणुकीचे धडे रोमकडून घ्यायचे तर जरा बेतानेच घ्यावेत.

मला रोमचं कौतुक आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती मला आईमुळे दिसली.

मागच्या मे महिन्यात ती आली होती. गुडघे दुखतात, त्यामुळे गाइडच्या उंच धरलेल्या छत्रीमागे धावणं तिला झेपणारं नव्हतं. मी कागदावर नकाशा काढला आणि आम्ही दोघीच निघालो. कोलोसिअम, मग तोर्रे आर्जेंतिनाचा तो खोलगट चौक, जिथे सीझरला मारलं आणि आता मांजरं पहुडलेली असतात, मग पँथिऑन हे जुनं रोमन देऊळ, शेवटी त्रेवीचं कारंजं. अंतर तीनेक किलोमीटर, लागले पाच तास. पँथिऑनच्या घुमटाला मधोमध मोठं भोक आहे, झाकण वगैरे काही नाही. आईने आधी वर पाहिलं, मग खाली. ‘पाऊस आला की गं?’ फरशीतली पाणी जायची बारीक भोकं दाखवली, तेव्हा म्हणाली, ‘हां, म्हणजे मोरीच.’ जवळपास एकोणीसशे वर्षांच्या वास्तूबद्दल इतकं नेमकं बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

पण पाच तास ती चालू शकली ती नळांमुळे. रोमच्या रस्त्यांवर बिडाचे बुटके खांब असतात, खाली वाकलेल्या तोटीतून गार पाणी अखंड वाहत असतं. त्यांना म्हणतात ‘नाझोने’, म्हणजे नाकाड्या. १८७४ पासून आहेत, आज अडीच हजारांच्या आसपास. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून धार उसळते, ओणवं न होता पिता येतं. आईला ही युक्ती इतकी आवडली, की पुढच्या प्रत्येक नळाशी ती तहान नसताना थांबली. पाणी प्यायची, कठड्यावर टेकायची, समोर जे असेल ते निवांत बघायची.

डिसेंबरात मुंबईत आले तेव्हा तेवढ्याच अंतराचा नकाशा काढला. सीएसएमटी, एशियाटिक लायब्ररी, फ्लोरा फाउंटन, राजाबाई टॉवर, काळा घोडा, गेट वे. या वेळी सोबत मामा.

आणि खरं सांगते, बघायला आपलं जास्त जिवंत आहे. पँथिऑनला २०२३ पासून तिकीट लागतं, स्पॅनिश स्टेप्स या तिथल्या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसलात तर दंड. सीएसएमटी जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथून कर्जत फास्टही सुटते. हायकोर्टात खटले चालतात. आत माणसं कामाला जातात म्हणून या इमारती कोणाला ‘स्मारक’ वाटत नाहीत, एवढंच.

फ्लोरा फाउंटनवरचा पुतळा दाखवून मामाला विचारलं, ‘ही कोण?’ ‘इंग्रजांची कोणीतरी.’ ती फुलांची देवी, मूळची रोमन. १८६४ पासून इथे उभी आहे. आणि शेजारी हुतात्मा स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. आजोबा त्या मोर्चात होते, हे मामानेच मला लहानपणी सांगितलेलं. ‘मग हा चौक कोणाचा, मामा?’ तो काही बोलला नाही. रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाला, ‘आधी बसायला जागा बघ.’

जागा सापडेना. फुटपाथवरून उतरायचं, मोटरसायकलींना वळसा घालायचा, पुन्हा चढायचं. गेट वेला पोचेपर्यंत पाण्याच्या तीन बाटल्या विकत घेतल्या. खरं तर पाणी पाजण्यात आपण रोमला हार जाणारे नव्हतो. जीपीओजवळची कोठारी पाणपोई बघा, भुलेश्वर-मसजिदकडच्या गल्ल्या बघा. कोणाच्या तरी आठवणीत बांधलेले कोरीव दगडी प्याऊ, काहींना खाली जनावरांसाठी वेगळी कुंडी. अलीकडे काही प्याऊंची डागडुजी झाली, ते फार बरं झालं. पण ग्रुपवर नऊ वर्षांत कोणी पाणपोईवरून भांडलेलं मला आठवत नाही. भांडण कायम पुतळा कोणाचा आणि नाव कोणाचं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले, एका भावाने पुन्हा कोलोसिअम टाकलं. मामाने मात्र नकाशा मागवून घेतलाय. येत्या रविवारी सकाळी सातला मित्रांना घेऊन निघणार आहे, पाणी घरून भरून.