रिकामा पाळणा हलवू नये

"तुम्हाला काय, अनुभव आहे!" दुसरं बाळ येणार हे कळल्यापासून, गेले सात महिने, जो भेटेल तो मला हेच ऐकवतोय. सोसायटीचा वॉचमन म्हणाला, दूधवाला म्हणाला, अंबडला आमचे साहेबही म्हणाले. साहेब तर माझ्या रजेच्या अर्जावरची सही लांबवत म्हणाले. केंद्र सरकारच्या नोकरीत असतो तर बापालाही १५ दिवस मिळाले असते. खासगीत बापासाठी असा कायदाच नाही. त्यामुळे प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीच्या कृपेने बायकोला २६ आठवडे आणि मला, अनुभवी माणूस म्हणून, तीन दिवस.

आता माझा अनुभव सांगतो. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीने बायको सातव्या महिन्यात जळगावला गेली ती लेक तीन महिन्यांची झाल्यावर परत आली. मधल्या काळात मी दर रविवारी नाशिकरोडहून गाडी पकडायचो. सासूबाई पोहे द्यायच्या, दुपट्याच्या गाठोड्यातून एक नाक दाखवायच्या आणि "आता झोपू द्या तिला" म्हणून गाठोडं आत न्यायच्या. संध्याकाळच्या गाडीने मी परत. बाळाला न्हाऊ कसं घालतात, ढेकर कशी काढतात, रात्री तीनला कोण उठतं, याची मला जेवढी माहिती होती तेवढी गाडीतल्या चहावाल्यालाही असावी. अनुभव होता तो बर्फी वाटण्याचा. त्यात मात्र मी पारंगत आहे.

दुसरं बाळंतपण सासरी. म्हणजे इथे, इंदिरानगरला, दोन खोल्या आणि एका हॉलमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर.

आई पंचवटीतून महिनाभर आधीच मुक्कामाला आली आणि आल्या आल्या तिने नियम सांगितला: बाळ येण्याआधी नवीन काही आणायचं नाही. चिंधीसुद्धा नाही. बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागेल ते कुणाचं तरी वापरलेलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. पैसे वाचणार म्हणून मी खूश झालो. नियमाचा खरा अर्थ बायकोच्या लक्षात आला. "अरे, पण आपण सगळं वाटून टाकलंय ना!"

वाटलं होतं खरं. लेक दोन वर्षांची झाल्यावर "आता आपल्याला काय लागणार" असं म्हणत आम्ही कर्णाला लाजवेल असा दानधर्म केला होता. झबली, टोपरी, लंगोट, आजीच्या नऊवारीची गोधडी. आणि पाळणा. सागवानी, कातीव दांड्यांचा, पितळी साखळ्यांचा. माझ्या आजोबांनी भांडी बाजारातून त्या साखळ्या घेतल्या होत्या. त्या पाळण्यात वडील झोपले, मी झोपलो, लेक झोपली. तो मी मामेभावाला दिला होता, सिडकोत.

मामेभावाला फोन केला. "अरे, तो तर मेहुणीला दिला, नाशिकरोडला." मेहुणी म्हणाली, देवळालीच्या मैत्रिणीकडे आहे. मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे जुळी झाली हो, एक पाळणा पुरेना म्हणून आम्ही मोठा घेतला, तुमचा सिन्नरला नणंदेकडे गेला. पोलिस तपासातसुद्धा माल इतके हात बदलत नसेल. प्रत्येक घरात पाळण्याची आठवण निघाली की आधी त्यांच्या बाळाचे फोटो बघावे लागायचे, मग चहा, मग पत्ता. चार मुलांचे मिळून मी अंदाजे दोनशे फोटो बघितले. सगळी बाळं मला सारखीच दिसली. हा माझा अनुभव.

एका रविवारी सिन्नर गाठलं. पाळणा घराच्या धाब्यावर होता आणि त्यात लसूण वाळत घातला होता. नणंदबाईंनी लसूण सुपात ओतला, पाळणा पुसून दिला आणि दोन किलो लसूणही बांधून दिला. चारपैकी एक साखळी हरवली होती. तिच्या जागी कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी. सुटे भाग गाडीत कोंबले, एक दांडी खिडकीतून बाहेर ठेवली आणि मोहदरी घाट उतरून आलो. द्वारका चौकात नेहमीप्रमाणे अडकलो. शेजारचा रिक्षावाला दांडीकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पहिलं का दुसरं?"

"दुसरं."

"मग काय, अनुभव आहे तुम्हाला!"

इकडे घरात माळा खाली आला होता. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की आम्ही नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून पूर किती ते ठरतं. आमच्या हॉलमध्ये ते काम टीव्हीने केलं. सकाळी निघालो तेव्हा पसारा टीव्हीच्या पायाशी होता. परत आलो तर फक्त वरचा काठ दिसत होता आणि त्यापलीकडून बायकोचा आवाज येत होता, "पाय जपून टाक, तिथे गोधडी आहे." गोधडी मिळाली होती! फक्त ती आमची नव्हती. दिलेल्या कपड्यांच्या बदल्यात भलत्याच घरांची झबली परत आली होती. एका टोपऱ्यावर 'साईराज' असं विणलेलं होतं. आमच्याकडे साईराज कुणीच नाही. मुलगा होईल की मुलगी, हे सोनोग्राफीवाले कायद्याने सांगत नाहीत. मात्र ते टोपरं बघून शेजारच्या काकूंनी निकाल जाहीर केला.

मग रविवार कारंजावरची खरेदी. आईने दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर यादी दिली: डिंक, खारीक, गोडंबी, अळीव, बाळंतशोपा, वेखंड, मुरडशेंग. नवीन आणायचं नाही हा नियम खाण्याला लागू नव्हता, हे मला तिथे कळलं. दुकानदाराने विचारलं, "डिंक कुठला देऊ?" मी म्हटलं, "चांगला." त्याने माझ्याकडे असं बघितलं की पुढचे सगळे जिन्नस त्यानेच ठरवले.

वेखंड आणि मुरडशेंगेवरून घरात दोन तट पडले. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही, आणि खोलीत धुरी तर नाहीच. आई म्हणाली, "याला मी रोज गुटी उगाळून दिली. काय झालं याला?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढे कुणी काही बोललं नाही. सहाण परत माळ्यावर गेली.

राहिला हूक. आजोबांच्या वाड्यात तुळईला कडी होती. फ्लॅटच्या हॉलमध्येही बिल्डरने एक हूक दिला होता, पण गेल्या दिवाळीत हौसेने पीओपी केलं आणि तो वर गाडला गेला. मिस्त्रीने छताला कान लावल्यासारखं करत ठोकून बघितलं आणि ठामपणे एक भोक पाडलं. हूक नव्हता. मग दुसरं पाडलं. तिसऱ्यात सापडला. आता आमच्या छताला तीन भोकं आहेत. त्यातल्या एकात पाळणा आणि दोहोंत लेकीच्या मते उंदीर.

लेक सहा वर्षांची. तिच्या अटी आधीच ठरल्या आहेत: पाळणा तिचा, बाळाला फक्त वापरायला मिळेल. मऊ खोडरबर बाळाला द्यायचं नाही. आणि बाळ रडलं तर ते बाबांनी बघायचं, कारण "बाबांना अनुभव आहे." तीही तेच ऐकत असते.

रात्री अकराला पाळणा टांगला. नायलॉनची दोरी जरा लांब, त्यामुळे डोक्याची बाजू उजवीकडे कलते. वजन पेलतो का ते बघायला मी झोका दिला तर आतल्या खोलीतून आई ओरडली, "रिकामा पाळणा हलवू नये!" बारशाला आधी वरवंटा घालतात तो याचसाठी का, कुणास ठाऊक. पण आमच्याकडे मिक्सर आला तेव्हाच पाटा-वरवंटा गेला. (कुणाला दिला, ते आता शोधायची ताकद नाही.) शेवटी बाल्कनीतून दहा किलो कांद्याची गोणी आणली. लासलगावच्या जिल्ह्यात घरात दुसरं काही नसलं तरी कांदा असतोच. लेक झोपायच्या आधी तिने गोणीला साईराजचं टोपरं घातलं होतं, ते मी काढलं नाही.

हूक टिकला. कुर्र कुर्र आवाज आला, पण टिकला. मी दहा मिनिटं झोके देत राहिलो. मग गोणी हळूच उचलायला गेलो, तशी आई दारात येऊन उभी राहिली. डोळे अर्धे झोपेत, केस सुटलेले.

"अरे मेल्या, मान धर त्याची!"

मी धरली.