‘करण्यात आले’ म्हणजे नक्की कोणी केलं?

परवा एका मुलाने त्याचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट आणि सीव्ही मला पाठवला. मेकॅनिकलची पदवी नुकतीच हातात आली आहे, परदेशात काम करायचं आहे. सोबत एवढंच लिहिलं होतं, “ताई, एकदा नजर टाका, काय कमी आहे ते सांगा.”

मी रात्री बसून सगळा रिपोर्ट वाचला. हीट एक्स्चेंजरवरचा प्रोजेक्ट, म्हणजे ट्यूबमधून एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणारं यंत्र, आणि खरंच चांगला. पण रिपोर्ट इंग्रजीत असला तरी वाक्यांचा साचा थेट सरकारी पत्रातला. डिझाइन करण्यात आले. चाचणी घेण्यात आली. असे निदर्शनास आले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत माणूस कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी फोन केला. विचारलं, “ट्यूब 24 घ्यायच्या हे कोणी ठरवलं?”

“ग्रुपने.”

“ग्रुपमध्ये कोणी?”

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, “मीच, ताई. आधी 18 घेतल्या होत्या. प्रेशर ड्रॉप, म्हणजे आत शिरताना आणि बाहेर पडताना दाबात पडणारा फरक, फार येत होता, म्हणून वाढवल्या.”

“मग हे रिपोर्टमध्ये कुठे आहे?”

“कुठेच नाही.”

तो फोन ठेवल्यापासून हे लिहायचं डोक्यात आहे. परदेशी जायची तयारी म्हटलं की भाषेची परीक्षा, पासपोर्ट, व्हिसा, पैशांची जुळवाजुळव एवढंच बोललं जातं. ते सगळं लागतंच. पण ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो ते बहुतेक जण सुरूच करत नाहीत. मी काय ठरवलं, का ठरवलं आणि ते बरोबर आहे हे कसं तपासलं, हे स्वतःच्या शब्दांत आणि पुराव्यासकट सांगता येणं.

हे माझं मत म्हणून बाजूला ठेवा आणि वेगवेगळे देश इंजिनिअरकडे काय मागतात ते बघा. ऑस्ट्रेलियात स्थलांतरासाठी कौशल्य तपासणी ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’ करते. ज्यांची पदवी थेट मान्य होत नाही त्यांना तिथे स्वतःच्या कामाचे तीन प्रसंग लिहून द्यावे लागतात, प्रत्येक 1000 ते 2500 शब्दांचा आणि तोही ‘मी’ या प्रथम पुरुषात. टीमने काय केलं हे तिथे कोणी विचारत नाही. कॅनडात बहुतेक प्रांतांत इंजिनिअर म्हणून काम करायच्या लायसन्ससाठी 34 क्षमता दाखवाव्या लागतात आणि प्रत्येकीसाठी तीन गोष्टी सांगायच्या असतात: परिस्थिती काय होती, तुम्ही काय केलंत, त्यातून काय निघालं. ब्रिटनमध्ये ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हा व्यावसायिक दर्जा मिळवायचा तर यूके-स्पेक नावाच्या मानकातल्या पाच गटांत पुरावे द्यावे लागतात. देश वेगळे, फॉर्म वेगळे, पण फॉर्ममागचा प्रश्न सगळीकडे एकच. यातलं तुझं काय?

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, याचं उत्तर मला 1981 च्या एका दुर्घटनेत मिळतं. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमधल्या हयात रीजन्सी हॉटेलात छतापासून टांगलेले पादचारी पूल गर्दीवर कोसळले. 114 माणसं गेली. मूळ आराखड्यात चौथ्या मजल्याचा पूल आणि त्याच्या खालचा दुसऱ्या मजल्याचा पूल एकाच लांब सळईवर टांगलेले होते. बांधायला सोपं जावं म्हणून त्या एका सळईच्या दोन केल्या. समजा, एका दोरीला दोघं जण आपापल्या हातांनी लटकलेत, तर प्रत्येकाच्या हातावर फक्त स्वतःचं वजन. पण खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले तर? दोरीवरचा भार तोच राहतो, वरच्याच्या हातांवरचा मात्र दुप्पट होतो. तिथे वरच्या पुलाच्या सळईशी असलेल्या जोडाचं नेमकं हेच झालं. आणि मूळचा जोडही शहराच्या बांधकाम नियमांना हवा तेवढा भक्कम नव्हताच. हा बदल ड्रॉइंगमधून पुढे सरकत गेला, पण त्या जोडाचं गणित नव्याने कोणी केलं नाही. ‘तपासण्यात आले’ असं सगळेच धरून चालले होते. पुढे मिझुरी राज्याने जबाबदार इंजिनिअरांची लायसन्स रद्द केली.

म्हणून मला ‘मी’ हा शब्द गर्वाचा वाटत नाही. ज्या ओळीत ‘मी’ आहे तिथे चूक झाली तर कोणाला विचारायचं हे कळतं. नवख्या इंजिनिअरवर भरवसा ठेवायचा की नाही, हे माणसं त्यावरूनच ठरवतात.

हे मी स्वतः किंमत मोजून शिकले. परदेशातल्या पहिल्या नोकरीत माझ्याकडे एका ब्रॅकेटचं काम होतं. ड्रॉइंगमध्ये वस्तूची दृश्यं मांडायच्या दोन पद्धती असतात. मला सवय फर्स्ट अँगल प्रोजेक्शनची, आणि समोरचं ड्रॉइंग होतं थर्ड अँगलमध्ये. समोरच्या दृश्याच्या उजवीकडे जे दृश्य काढलेलं असतं, ते फर्स्ट अँगलमध्ये डावीकडून पाहिलेलं असतं आणि थर्ड अँगलमध्ये उजवीकडून. पद्धत कोणती हे सांगणारं कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह कोपऱ्यात होतं, त्याकडे मी पाहिलंच नाही. 12 ब्रॅकेट भोकं उलट्या बाजूला पाडून तयार झाली आणि सगळी भंगारात गेली. माझा वरिष्ठ ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, “पुढच्या वेळी हे तू कसं पकडशील?” त्या संध्याकाळी मी एक वही घेतली आणि उत्तर लिहिलं. ती सवय आजही आहे. तारीख, काय ठरवलं, कशाच्या आधारावर, कोणाला विचारलं, नंतर काय झालं. दिवसाला पाच-सहा ओळी, जास्त नाही.

मुलांनो, ही वही नोकरी लागायची वाट न बघता आजच सुरू करा. इंटर्नशिप, लॅब, प्रोजेक्ट, घरी उघडून दुरुस्त केलेलं यंत्र, सगळं चालतं. चार वर्षांनी लायसन्सचा अर्ज भरताना ‘त्या पंपाचं नक्की काय झालं होतं’ हे आठवत नाही. वहीत ते जसंच्या तसं मिळतं. फक्त कंपनीची गोपनीय माहिती आणि ड्रॉइंग त्यात उतरवू नका. विचार तुमचा असतो, कागद त्यांचे असतात.

पदवीबद्दलही थोडं, कारण इथे फार गैरसमज आहेत. 1989 मध्ये ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आयर्लंड, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांतल्या संस्थांनी वॉशिंग्टन अकॉर्ड केला. एकमेकांच्या मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग पदव्या समतुल्य धरायच्या, असा हा करार. नंतर त्यात इतर देश येत गेले, जपान 2005 मध्ये, भारत 2014 मध्ये. पण देश सदस्य आहे म्हणून तिथली प्रत्येक पदवी आपोआप मान्य होत नाही. मान्यता कॉलेजला नसते, त्या-त्या शाखेच्या अभ्यासक्रमाला असते, आणि तीही ठरावीक वर्षांसाठी. तुमची शाखा आणि तुमचं पास होण्याचं वर्ष त्यात बसतं का, हे स्वतः तपासा. बसत असेल तर पुष्कळ कागदपत्रांचा त्रास वाचतो. ऑस्ट्रेलियाचे ते तीन प्रसंगही मग सहसा लागत नाहीत. आणि एक नीट समजून घ्या, हा करार पदवीपुरता आहे, लायसन्स त्यातून मिळत नाही. जर्मनीत अनाबिन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये आपली संस्था आणि पदवी शोधता येते, तेही करून बघा.

कॉलेज सोडण्याआधी सविस्तर सिलॅबस शिक्क्यासह आणि ट्रान्स्क्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांच्या अधिकृत नोंदीच्या, सीलबंद प्रती घेऊन ठेवा. पासपोर्ट आणि पदवीवरच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हेही बघा. पाच वर्षांनी दुसऱ्या खंडातून हे करताना फार जीव जातो.

लायसन्स सगळ्यांना लागतं का? नाही. अमेरिकेत कारखान्यात मशीन डिझाइन करणारे बहुतेक इंजिनिअर लायसन्सशिवाय काम करतात. इमारती आणि पुलांच्या आराखड्यांवर सही करायची तर मात्र पीई, म्हणजे ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ हे लायसन्स लागतं. त्याची पहिली पायरी एफई, म्हणजे ‘फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग’ ही परीक्षा, 110 प्रश्नांची, आणि ती पदवी ताजी असतानाच दिलेली बरी. ब्रिटनमध्ये नुसतं ‘इंजिनिअर’ कोणीही म्हणवून घेऊ शकतं, पण जर्मनीत ‘इंगेनिअर’ हे कायद्याने जपलेलं बिरुद आहे. त्यामुळे कोणत्या देशात जायचं हे व्हिसाच्या अफवांवरून ठरवू नका. तुमच्या शाखेतलं काम तिथे खरोखर कसं चालतं, त्यावरून ठरवा. व्हिसाचे नियम बदलतात, ते त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच वाचा. जर्मनीने जून 2024 पासून नोकरी शोधण्यासाठी ‘चान्सनकार्टे’ (संधी कार्ड) सुरू केलं. त्याबद्दल मला लोकांनी जे ऐकीव सांगितलं त्यातलं निम्मं चुकीचं होतं.

त्यापेक्षा तिथली मानकं वाचायला बसा. सिव्हिलवाल्यांनी युरोपात जायचं तर युरोकोड, म्हणजे बांधकाम डिझाइनची युरोपीय मानकं, ईएन 1990 ते ईएन 1999, आणि प्रत्येक देशाचं त्याला जोडलेलं राष्ट्रीय परिशिष्ट. आणि लहान वाटणारे फरक जरूर शिका. जर्मनीत 1,250 लिहिलं तर तो सव्वा असतो, साडेबाराशे नव्हे. 50 हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला 1500 फेऱ्यांचा सिंक्रोनस वेग असलेली चार पोलची मोटर 60 हर्ट्झवर 1800 ची होते. तोच सेंट्रिफ्यूगल पंप तिला जोडलात तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास 1.73 पट. मोटर जळायला हा एवढा फरक पुरतो.

भाषेची परीक्षा पास होणं आणि “मला हे समजलं नाही, पुन्हा सांगाल का?” असं दहा माणसांसमोर विचारता येणं, यात खूप अंतर आहे. यातल्या दुसऱ्या गोष्टीची सवय आधी करा. शंका आली तर तोंडी बोलून थांबू नका, लिहून कळवा. 1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे मंगळावर पाठवलेलं यान एककांच्या गोंधळात गेलं. एका सॉफ्टवेअरने पाउंड-सेकंदात दिलेले आकडे दुसरीकडे न्यूटन-सेकंद समजून वापरले गेले, साडेचार पटींच्या आसपासची चूक. काही जणांना आधीच शंका आली होती. ती रीतसर नोंदवून पुढे नेली गेली नाही. ते वाचून मला आजही हळहळ वाटते.

आणि एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. ऑस्ट्रेलियासाठीचे ते तीन प्रसंग पैसे घेऊन लिहून देणारे लोक आहेत. एकाच्या आयुष्यातला बॉयलर दुसऱ्याच्या नावावर चढवतात. उचललेला मजकूर पकडला गेला की अर्ज फेटाळला जातो, पुढे अर्ज करण्यावर बंदीही येऊ शकते, आणि ती त्या मुलाच्या नावावर लागते, लिहून देणाऱ्याच्या नव्हे. कृपा करून हे करू नका. तुमचं खरं काम लहान असलं तरी त्यावर विचारलेल्या पाचव्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे असतं. उसन्या कामात माणूस दुसऱ्याच प्रश्नाला अडतो. मी मुलाखती घेते, समोर बसून हे बघितलं आहे. त्या मुलांचे चेहरे विसरता येत नाहीत.

काल त्या मुलाचं नवं पान आलं. एकच पान, इंग्रजी अजून कच्चं आहे, दोन ठिकाणी एककं लिहायची राहिलीत, ती मी लाल करून परत पाठवली. पण पहिली ओळ अशी आहे: ‘मी आधी 18 ट्यूब घेतल्या आणि तो निर्णय चुकीचा होता.’