जजला कायदा लागत नाही म्हणे? तो मेसेज फिरवण्याआधी हे वाचा

आठवडा झाला, नागपुरातल्या आमच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला. त्याचं म्हणणं तीन गोष्टींचं: जजला भ्रष्टाचाराचा कायदाच लागत नाही, म्हणून कॉलेजियम (म्हणजे वरिष्ठ जजच नवे जज निवडतात ती पद्धत) बंद करून नेमणुका सरकारनंच कराव्या, आणि तुम्ही काही बोललात तर कंटेम्प्टमधे, म्हणजे कोर्टाच्या अवमानाखाली, आत जाल म्हणून गप्प बसा. काल मामांनीही पाठवला म्हणून लिहायला बसलो. चीड खरी आहे, माझीही आहे, पण मेसेज चुकीचा आहे.

कायदा लागतो. १९९१ साली वीरस्वामी केसमधे सुप्रीम कोर्टानंच सांगितलं की हायकोर्ट, सुप्रीम कोर्टाचे जजसुद्धा लोकसेवक आहेत आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातून सुटत नाहीत. फक्त गुन्हा नोंदवण्याआधी सरन्यायाधीशांना विचारावं लागतं, आणि माझ्या मते खरी अडचण तिथंच आहे, भांडायचं तर त्या अटीवर भांडा ना.

मेसेजमधे सुप्रीम कोर्टाचे जज रामस्वामी यांचं १९९३ चं प्रकरण दिलंय, पण अर्धवट. चौकशी समितीनं त्यांना दोषी ठरवलं होतं. लोकसभेत महाभियोगाच्या बाजूनं १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही, तरी प्रस्ताव पडला, कारण काँग्रेसचे खासदार मतदानापासून दूर राहिले आणि लागणारं बहुमत भरलं नाही. म्हणजे त्यांना वाचवलं ते सभागृहातल्या पुढाऱ्यांनी, आणि मेसेजवाला आता किल्ल्या कोणाकडे द्या म्हणतोय? २०११ मधे राज्यसभेनं कलकत्ता हायकोर्टाचे जज सौमित्र सेन यांच्याविरुद्ध तसाच प्रस्ताव मंजूर केला तेव्हा लोकसभेत मतदान व्हायच्या आधीच त्यांनी राजीनामा दिला. पुढाऱ्यांनी ठरवलं की होतं.

कॉलेजियम बंद दाराआड चालतं हे मलाही पटत नाही. पण सरकारच्या मर्जीच्या नेमणुका आपण पाहिल्यात. आणीबाणीत विनाचौकशी जेलात टाकलेल्यांचे अर्ज आम्ही ऐकणार, असं ज्या हायकोर्टांनी म्हटलं त्यात आपलं नागपूर खंडपीठ होतं. एप्रिल १९७६ मधे सुप्रीम कोर्टानं ते ४ विरुद्ध १ नं उलटवलं. तो एक म्हणजे न्या. खन्ना, आणि जानेवारी १९७७ मधे सरकारनं त्यांना डावलून ज्युनिअर जजला सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला. पैशानं विकला गेलेला जज एक केस बिघडवतो, पण सरकारला घाबरणारा जज असला तर सरकारविरुद्ध दाद मागायला माणसानं जायचं कुठं?

आता कंटेम्प्ट. २००६ च्या दुरुस्तीनंतर, जनहितासाठी आणि प्रामाणिकपणे बोललेलं सत्य हा बचाव कोर्ट मान्य करू शकतं. पुराव्याशिवाय नाव घेऊन चिखल उडवला तर अडकाल, हेही खरं. पण खालच्या कोर्टाच्या जजबद्दल शपथपत्र आणि कागद जोडून हायकोर्टाकडे तक्रार करणं म्हणजे कंटेम्प्ट नाही, त्या कोर्टांवर हायकोर्टाचंच नियंत्रण आहे, संविधानाच्या कलम २३५ नं.

आणि सामान्य माणसाला भ्रष्टाचार भेटतो तो कुठं? खिडकीवर. काकांच्या शेताच्या केसमधे निकालाची नक्कल काढायला मी एका तालुक्याच्या कोर्टात तीन चकरा मारल्या, फी भरली होती, पावती हातात होती, तरी बाबू म्हणे "अजून तयार नाई". तिसऱ्या दिवशी शेजारच्यानं हळूच सांगितलं, पाचशे ठेवा. ठेवले. त्यानं त्याच टेबलावरच्या गठ्ठ्यातून, वरून चौथा कागद, काढून दिला. तो पहिल्या दिवसापासून तिथंच होता. अपिलाची मुदत जाईल म्हणून मी दिले, आणि आजही ते मला सलतं, कारण काका बाहेर बाकावर बसून म्हणत होते की पाचशेत नक्कल मिळते तर निकाल कितीत मिळत असेल. त्या माणसाचा कोर्टावरचा विश्वास तिथंच गेला, जजचं तोंडही न पाहता.

तो बाबूही लोकसेवकच, त्याच्यासाठी सरन्यायाधीशांना विचारावं लागत नाही. लाचलुचपतवाल्यांचा नंबर १०६४, पैसे देण्याआधी लावायचा, मी लावला नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असे पैसे मागून राहिले असतील आणि तक्रारीला सोबत पाहिजे असेल तर सांगा, मी येतो.