झर्मॅटवरच्या त्या मेसेजमध्ये गावकरीच नाहीत

युरोप सहलींचं बुकिंग सुरू झालं की एक मेसेज हटकून फिरू लागतो. वर मॅटरहॉर्न शिखराचा फोटो आणि खाली साधारण असा मजकूर: स्वित्झर्लंडच्या झर्मॅट गावात एकही वाहन नाही, सरकारने एका आदेशात गाड्या बंद केल्या, स्कीइंगवर गाव उभं राहिलं, तिथे बारा महिने बर्फ, आपल्याकडे हे कधी होणार? गावाच्या देखणेपणाबद्दल वाद नाही. पण हा मजकूर चुकीचा आहे, आणि त्याने गावकऱ्यांचं श्रेय दुसऱ्यांच्या पदरात घातलं आहे.

आधी गाड्यांचं बघू. बंदी आहे ती पेट्रोल-डिझेलवर. विजेवर चालणारी शेकडो वाहनं गावात रोज धावतात: हॉटेलांच्या टॅक्सी, सामानाच्या गाड्या, बस. ठोकळ्यासारखी, अरुंद, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ही वाहनं गावातच तयार होतात. ती इतकी कमी आवाज करतात की गल्लीतून चालताना अधूनमधून मागे बघावं लागतं. व्यवसायाची गरज दाखवल्याशिवाय असं वाहन ठेवता येत नाही.

आणि हा काही वरून आलेला हुकूम नव्हे. मोटाररस्ता गावापर्यंत आणायचा का, हा प्रश्न गावकऱ्यांपुढे मतदानाला आला, तोही एकदाच नाही, आणि त्यांनी नकार दिला. १८९१ पासून रेल्वे दारात होती, हेही विसरू नये. पाहुण्यांच्या गाड्या नाहीशा झालेल्या नाहीत; त्या ५ किलोमीटर अलीकडे टेश गावात, दोन हजारांहून जास्त जागांच्या वाहनतळावर उभ्या असतात. झर्मॅटच्या हॉटेलांत राबणारे कितीतरी कामगारही टेशलाच राहतात, त्यांत पोर्तुगीज बरेच. झर्मॅटच्या शांततेची किंमत टेश मोजतं, हे कुणीतरी लिहायला हवं.

'आपल्याकडे कधी होणार' या प्रश्नाचं मला खरोखर वाईट वाटतं. माथेरान आहे की! दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाडी जात नाही, ही शिस्त कित्येक पिढ्यांची आहे. झर्मॅटकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच होती: ओझं माणसाच्या अंगावर न टाकता गाव मोटारमुक्त ठेवणं. माथेरानला माणसाने ओढायच्या रिक्षा थांबवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२५ मध्ये द्यावा लागला.

आता स्कीइंग. झर्मॅटचा जुना भाग, हिंटरडोर्फ, नुसता पाहिला तरी हा दावा गळून पडतो. उन्हाने काळी पडलेली लार्चच्या लाकडाची कोठारं लाकडी खुंटांवर उभी आहेत, आणि प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर एक सपाट गोल दगड. उंदीर खुंटावरून चढला तरी त्या दगडाच्या कडेला अडतो. वरचं राय धान्य सुरक्षित. समुद्रसपाटीपासून १,६०० मीटरवर राय पिकवून आणि गाईगुरं पाळून जगणाऱ्यांचं हे गाव होतं.

पाहुणे आले ते उन्हाळ्यात, डोंगर चढायला. अलेक्झांडर झायलर यांनी १८५० च्या दशकात मोंटे रोझा हॉटेल सुरू केलं. १४ जुलै १८६५ ला इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपर यांच्या तुकडीने ४,४७८ मीटरचा मॅटरहॉर्न पहिल्यांदा सर केला. उतरताना दोर तुटला आणि सातपैकी चौघे कोसळले. तो तुटका दोर आजही गावच्या संग्रहालयात आहे. वाचलेल्या तिघांपैकी दोघे इथलेच वाटाडे होते, पीटर टाउगवाल्डर बाप-लेक. त्या अपघाताने युरोपभर खळबळ उडाली आणि झर्मॅट घराघरात पोचलं. गावातून वर गोर्नरग्राट डोंगरावर चढणारी, दातेरी रुळाच्या आधाराने चालणारी विजेवरची रेल्वे १८९८ ची. तीही आधी उन्हाळ्यापुरतीच. हिवाळी पाहुण्यांचा जम १९२० च्या दशकाअखेरीस बसू लागला, आणि खालून येणारी रेल्वे बारमाही झाली १९३३ मध्ये. म्हणजे गिर्यारोहणाने गाव नावारूपाला आल्यावर साठेक वर्षांनी स्कीइंगचा हंगाम सुरू झाला. त्यातही सगळं सुरळीत नव्हतं: १९६३ मध्ये ऐन हंगामात दूषित पाण्यातून विषमज्वर पसरला, चारशेहून अधिक लोक आजारी पडले, तिघे दगावले.

उरला बारमाही बर्फ. थिओडुल हिमनदीवर उन्हाळ्यातही स्कीइंग चालतं, हे खरं. पण २०२२ च्या जुलैअखेरीस बर्फ इतका वितळला की ते थांबवावं लागलं. त्याच वर्षी झर्मॅटहून इटलीतल्या चेर्व्हिनियाकडे उतरणाऱ्या स्कीइंगच्या विश्वचषक शर्यती बर्फाअभावी रद्द झाल्या. पुढच्या वर्षी हवामानामुळे पुन्हा रद्द, आणि नंतर त्या वेळापत्रकातूनच गेल्या. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतच स्वित्झर्लंडमधल्या हिमनद्यांचं सुमारे १० टक्के आकारमान गेलं. इथली इटलीशी असलेली सीमा काही ठिकाणी हिमनदीच्या पाणलोट रेषेवरून, म्हणजे पाणी जिथून दोन बाजूंना वाहतं त्या माथ्याच्या रेषेवरून ठरते. बर्फ आटला, रेषा सरकली, आणि २०२३ मध्ये दोन्ही देशांना ती नव्याने आखण्यावर सहमती करावी लागली.